एका उडीचे पाठभेद

चढाच्या टोकावरून बाईक सुटते तेव्हा तिचं पुढचं चाक आभाळाकडे असतं. हवेत असताना डावीकडचा बाण दाबला तर स्वार मागे रेलतो आणि चाक आणखी वर जातं. उजवीकडचा दाबला तर तो हँडलवर झुकतो आणि चाक खाली येतं. पुढे उतार असेल तर दोन्ही चाकं त्या उताराला समांतर टेकायला हवीत. तशी टेकली की वेग तसूभरही उतरत नाही आणि धाव मध्ये खंड न पडता पुढे चालू राहते. थोडी तिरकी टेकली की वेग गळतो. फारच तिरकी टेकली की स्वार कोलांट्या खात गवतात जाऊन पडतो. 'एक्साइटबाइक'चा सगळा रस या उडीत आहे. टाइटल, मेनू, पाच ट्रॅक, घड्याळ, बक्षीस हे सगळं तिच्याभोवती मांडलेलं नेपथ्य आहे.

निन्टेन्डोने हा खेळ ३० नोव्हेंबर १९८४ रोजी जपानमध्ये आपल्या फॅमिकॉम यंत्रासाठी काढला. रचना शिगेरू मियामोतो यांची, संगीत आकितो नाकात्सुका यांचं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत आणि १९८६ मध्ये युरोपात गेला. नव्वदच्या दशकात तो आपल्याकडेही आला, पण आमच्यापर्यंत अधिकृत वाटेने नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून, फॅमिकॉमची नक्कल असलेल्या यंत्राच्या खोक्यात बसून तो घाटमाथ्यावर लोणावळ्याला आणि आमच्या वलवणला पोचला. आपण त्या यंत्राला सरसकट 'व्हिडिओ गेम' म्हणत होतो, कार्ट्रिजला 'कॅसेट' आणि हातातल्या पॅडला 'रिमोट'. एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा असे आणि त्या लांबलचक यादीत हा मोटरसायकलचा खेळ हमखास सापडे.

जपानी, अमेरिकी, युरोपीय आणि आपला असे या खेळाचे चार पाठ मी मानतो. पाठभेदांकडे कसं पाहावं हे पुणे जिल्ह्यातल्या माणसाला दूर जाऊन शिकावं लागत नाही. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या पोथ्या शेजारी ठेवून तिथल्या संपादकांनी संहिता सिद्ध केली, आणि जे श्लोक संहितेत बसले नाहीत तेही तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. एखाद्या प्रांताने कृतीत काय बदललं, यावरून त्या प्रांताची ओळख पटते आणि मूळ कृती किती भक्कम आहे तेही कळतं. एक्साइटबाइक तशाच नजरेने वाचण्याजोगा आहे.

आधी मूळ संहिता पाहू. खेळाला बटणं दोन. 'ए' म्हणजे साधा वेग, 'बी' म्हणजे जादा वेग. 'बी' दाबून ठेवलं की खाली 'टेम्प' असं लिहिलेली पट्टी भरत जाते, आणि ती पूर्ण भरली की इंजिन तापून बाईक कडेला उभी राहते. स्वार काही क्षण हताश थांबतो आणि शर्यत पुढे निघून जाते. नुसत्या 'ए'वर इंजिन कधी तापत नाही, पण नुसत्या 'ए'वर शर्यतही जिंकता येत नाही. ट्रॅकवर मधूनमधून बाण आखलेले असतात. त्यांच्यावरून गेलं की तापलेलं इंजिन क्षणात थंड होतं. त्यामुळे चांगला खेळाडू पुढचा बाण कुठल्या पट्ट्यात आहे हे मनात धरून, तिथवर पुरेल इतकाच 'बी' खर्च करतो. हव्यास आणि संयम यांचा हिशोब दोन बटणांत आणि एका पट्टीत मांडला आहे. खेळाडूला तो समजावून सांगावा लागत नाही, अंगठ्याला आपोआप कळतो.

दुसरी बारीक जागा मागच्या चाकाची. ट्रॅकला चार पट्टे, आणि 'सिलेक्शन बी' निवडलं तर त्या पट्ट्यांवर इतर स्वारही असतात. तुमचं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागलं तर तुम्ही पडता. त्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागलं तर तो पडतो. नियम एवढाच आहे, पण त्यामुळे पुढे असणं हेच शस्त्र होतं: दुसऱ्याच्या पुढ्यात जाऊन पट्टा बदलला की तो आपसूक गवतात. आणखी खोल पाहिलं तर हे स्वार खरे प्रतिस्पर्धीही नाहीत. तुमचा क्रमांक ठरतो तो घड्याळावर. पहिल्या तिघांत येण्यासाठी ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं असतं. बाकीचे स्वार म्हणजे वाटेतले हलते अडथळे. तरीही खेळताना चुरस खरीच वाटते. इतक्या थोड्या साधनांत असा आभास उभा करणं हे कसलेल्या नाटककाराचं काम आहे.

पडण्याची जागा तर चवीने पाहावी अशी. इतर खेळांत पडलं की एक जीव जातो आणि पडदा बदलतो. इथे स्वार लोळत गवतात जातो, उठतो आणि बाईककडे पळत सुटतो. त्या पळण्यातही खेळाडूला काम दिलं आहे: बटण जितक्या झपाट्याने दाबाल तितका तो लवकर पोचतो. पडणं ही शिक्षा आहेच, पण त्या शिक्षेतही हात रिकामा राहत नाही. चूक झाल्यावर लगेच सावरण्याची संधी देणारी ही उदारता मियामोतो यांच्या पुढच्या कामांतही दिसते. इथे ती अगदी उघड्यावर पाहायला मिळते.

आणि ध्वनी. सुरुवातीला एक खुसखुशीत धून वाजते, शर्यत सुटताना एक छोटा तुकडा, आणि मग संगीत थांबतं. शर्यतभर ऐकू येतो तो फक्त इंजिनाचा आवाज. नाकात्सुकांना धून रचता येत होती, हे टाइटलवरच सिद्ध झालेलं असतं. शर्यतीत त्यांनी जागा मोकळी सोडली. 'ए'वरून 'बी'वर गेलं की इंजिनाचा सूर चढतो आणि नजर पुढच्या चढावर ठेवूनही कानाने वेग कळतो. संगीत असतं तर हा सूर त्यात बुडाला असता.

आता पाठभेद. जपानी पाठात शर्यतीशिवाय एक तिसरा दरवाजा आहे, तो 'डिझाइन'. इंग्रजी अक्षरांची नावं दिलेले चढ, उतार, चिखलाचे पट्टे, थंडाव्याचे बाण एकामागून एक मांडत आपला स्वतःचा ट्रॅक बांधायचा. १९८४ मध्ये घरातल्या मुलाच्या हाती रचनाकाराची अवजारं देणं ही मोठी गोष्ट होती. पण कार्ट्रिजमध्ये तो ट्रॅक साठवायला जागा नव्हती. त्यावर जपानमध्ये तोडगा होता. त्याच वर्षी निघालेल्या 'फॅमिली बेसिक'चा कीबोर्ड फॅमिकॉमच्या पुढच्या खाचेत जोडायचा, कीबोर्डला निन्टेन्डोचा 'डेटा रेकॉर्डर' जोडायचा आणि मेनूतला 'सेव्ह' निवडायचा. बांधलेला ट्रॅक आवाजात रूपांतरित होऊन गाण्यांच्या साध्या टेपवर उतरत असे, आणि 'लोड' केलं की त्याच आवाजातून पुन्हा चढ-उतार उभे राहत. हवेत घेतलेली उडी चुंबकीय फितीवर मावते, ही कल्पना आजही मला मोहवते.

अमेरिकी पाठ ऑक्टोबर १९८५ मध्ये, 'एनईएस' या नव्या नावाच्या यंत्रासोबत पहिल्याच खेपेला बाजारात आला. कीबोर्ड आणि डेटा रेकॉर्डर मात्र जपानबाहेर कधी विक्रीला आले नाहीत. तरी मेनूतले 'सेव्ह' आणि 'लोड' तसेच राहिले. सोबतच्या माहितीपुस्तिकेत, हे पर्याय चालत नाहीत, पुढे निघू शकतील अशा उत्पादनांसाठी ते ठेवले आहेत, अशा अर्थाची सूचना छापावी लागली. 'माख रायडर' आणि 'रेकिंग क्रू' या भावंडांच्या नशिबीही हेच आलं. अमेरिकी मुलं ट्रॅक बांधत, मनसोक्त खेळत, आणि यंत्र बंद केलं की तो ट्रॅक पुसला जाई. २००७ मध्ये निन्टेन्डोच्या 'वी' यंत्राच्या 'व्हर्च्युअल कन्सोल'वर हा खेळ पुन्हा आला तेव्हा त्यात 'सेव्ह' जिवंत झाला होता. पोथीत एखादा शब्द असा राहून जातो की त्याचा संदर्भ नकलकाराच्या प्रांतात नसतोच, पण तो शब्द गाळायचं धाडस त्याने केलेलं नसतं. हा मेनू तसा आहे. तो कामाचा नाही, पण मूळ घराचा पत्ता त्यातूनच लागतो.

जपानात पुढे या खेळाला आणखी शाखा फुटल्या. १९८८ च्या डिसेंबरात फॅमिकॉमच्या डिस्क यंत्रासाठी 'व्हीएस. एक्साइटबाइक' निघाला. त्यात दोघांना समोरासमोर शर्यत लावता येते आणि बांधलेला ट्रॅक डिस्कवरच राहतो. कीबोर्ड आणि टेपचा पसारा गेला. १९९७ मध्ये उपग्रहावरून प्रसारित होणाऱ्या 'सॅटेलाव्ह्यू' सेवेवर मारिओ आणि मंडळी स्वार झालेली आवृत्ती आली. तीही फक्त जपानपुरती. हे पाठ देखणे आहेत, पण त्यांत भर घालणारा हात उघड दिसतो. मला जास्त गोडी आहे ती न ठरवता झालेल्या पाठाची, आणि तो आपला आहे. त्यासाठी मात्र टीव्हीच्या मागे, भिंतीतल्या सॉकेटपर्यंत जावं लागतं.

वलवणचं धरण टाटांच्या जलविद्युत योजनेचं. शिरवत्याचं पाणी बोगद्याने वलवणला येतं, तिथून खंडाळ्याकडे जातं आणि मोठ्या नळांतून घाटाखाली सुमारे ५०० मीटर कोसळून खोपोलीच्या केंद्रातली पेल्टन चक्रं फिरवतं. हे केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. आपल्या देशातल्या सगळ्या वीजकेंद्रांप्रमाणे खोपोलीची वीजही सेकंदाला ५० आवर्तनं घेते. टीव्हीची मानकं ठरली तेव्हा चित्र किती वेळा रंगवायचं याचा आकडा त्या त्या देशातल्या विजेच्या आवर्तनांशी जुळवला गेला, कारण तसं न केल्यास पडद्यावर पट्टे तरंगत. म्हणून आपला 'पाल' पद्धतीचा टीव्ही सेकंदाला ५० वेळा रंगतो आणि अमेरिकेचा सुमारे ६० वेळा. जपानात गंमत अशी की पूर्वेकडे तोक्योत वीज ५० ची आणि पश्चिमेकडे ६० ची. पण टीव्ही देशभर ६० चाच. निन्टेन्डोचं क्योतो ६० च्या बाजूला आहे.

फॅमिकॉममध्ये स्वतंत्र घड्याळ नाही. त्याचा सेकंद म्हणजे टीव्हीचं चित्र: चित्र एकदा रंगलं की खेळ एक पाऊल पुढे जातो. ६० पावलांचा सेकंद धरून रचलेला खेळ ५० पावलांच्या टीव्हीवर लावला तर सगळंच सहाव्या हिश्श्याने संथ होतं, पडद्यावरचं घड्याळसुद्धा. तिथे १ मिनिट झालेलं दिसतं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सुमारे १ मिनिट १२ सेकंद गेलेले असतात. घड्याळही सोबत मंदावत असल्यामुळे तिसऱ्या क्रमांकासाठी ठरलेली वेळ अन्यायाची होत नाही. लय बदलली, पण न्याय बिघडला नाही.

युरोपसाठी निन्टेन्डोने यंत्रातल्या चिप्सच नव्याने घडवल्या. तिथल्याही पाल टीव्हीला जपानपेक्षा ५० रेषा जास्त लागतात: तिकडे २६२, इकडे ३१२. त्या वाढीव रेषांचा वेळ निन्टेन्डोने 'चित्र पूर्ण झालं' ही खूण प्रोसेसरला दिल्यानंतर ठेवला, म्हणजे खेळाला हिशोबासाठी भरपूर मोकळीक. शिवाय प्रोसेसरचा वेगही उतरवला, १.७९ मेगाहर्ट्झवरून १.६६ वर. यात एक अडचण राहिली. या यंत्राचा सूर प्रोसेसरच्या वेगावर बेतलेला असतो. जपानी खेळ त्यावर जसाच्या तसा वाजवला तर काळी दोनमधली धून पांढरी दोनच्याही खाली घसरते. म्हणून तिथे खेळ नीट लागायला त्याचं संगीत आणि मोजमाप पुन्हा बसवावं लागे. अधिकृत प्रकाशक ते करू शकत होता.

आपल्याकडच्या नकलांना ही सोय नव्हती. त्यांना जपानी कॅसेट जशी आहे तशी, एक अक्षरही न बदलता, ५० च्या टीव्हीवर चालवायची होती. पाल देशांसाठी अशा यंत्रांच्या चिप्स घडवल्या त्या तैवानच्या यूएमसी कंपनीने, आणि तिथल्या अभियंत्यांनी काढलेली युक्ती या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर जागा आहे. त्यांनी वाढीव रेषांचा वेळ खूण देण्याच्या आधी ठेवला. चित्र रंगवून झालं की चिप मूळची एक आणि वाढीव ५० अशा ५१ रेषा इतका वेळ गुपचूप थांबते, आणि मगच प्रोसेसरला हाक मारते. हाक आल्यापासून पुढचं चित्र सुरू होईपर्यंतचं अंतर जपानइतकंच. खेळाला कळतही नाही की आपण दुसऱ्या देशात आहोत. एक्साइटबाइकमध्ये खाली 'टेम्प'ची पट्टी स्थिर असते आणि वरचा ट्रॅक धावत असतो. पडदा असा दुभागणाऱ्या खेळांत हे मोजमाप किंचित जरी चुकलं तरी सांध्यावर चित्र थरथरतं. आपल्या पाठात सांधा जागच्या जागी राहतो.

सुराची युक्ती याहून साधी. पाल यंत्राच्या स्फटिकाची कंपनसंख्या निन्टेन्डोने १६ ने भागून प्रोसेसरला दिली होती. यूएमसीने ती १५ ने भागली. एवढ्या बदलाने प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्झवर आला, म्हणजे जपानच्या एक टक्का अलीकडे. त्यामुळे आपल्याकडे टाइटलची धून संथ वाजते, पण तिची पट्टी जवळजवळ हलत नाही. टेप मंद झाली की लय आणि सूर दोन्ही बसतात. इथे लय उतरली आणि सूर टिकला. संगीतात कान तयार असलेल्यांनी हा पाठ मुद्दाम ऐकावा. एक खोट मात्र ऐकू येते. यातल्या अनेक चिप्समध्ये चौकोनी लहरीचे दोन प्रकार एकमेकांच्या जागी गेले होते. मूळ धून जिथे भरीव वाजते तिथे आपली अंमळ नाकात गाते, आणि जिथे ती चिरकी तिथे आपली भरीव होते. ही नकलकाराची चूक आहे, पण तो आवाज ऐकून वाढलेल्या कानांना मूळचाच आवाज परका वाटतो.

आता पुन्हा उडी. समजा, एका चढावरून सुटलेली बाईक ६० पावलं हवेत राहते. क्योतोत ती १ सेकंद हवेत असते, वलवणमध्ये १.२ सेकंद. उंची तीच, अंतर तेच, फक्त वेळ जास्त. शाळेतलं गणित मांडलं तर आपल्या पाठातलं गुरुत्वाकर्षण मूळच्या सुमारे ७० टक्के भरतं. वेळेतला हा फरक सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. पण स्वार रेलायला लागल्यापासून चाकं उताराला समांतर येईपर्यंतचा सगळा व्यवहार त्यातच होतो. जपानी लयीत तो व्यवहार हाताला सवयीने करावा लागतो. आपल्या लयीत तो डोळ्यांना दिसतो: चाक वर जातं, थबकल्यासारखं होतं, खाली वळतं, आणि नेमक्या कोनात अंगठा सोडायचा क्षण समोर उभा राहतो. विलंबित लयीत बंदिशीच्या जागा मोकळ्या होतात, तसा इथे उडीचा प्रत्येक टप्पा मोकळा होतो. मियामोतोंनी उडीत किती बारकाईने काम केलं आहे, हे मला या पाठाने दाखवलं.

डोळ्यांसाठीही एक भेद आहे. खेळाच्या चित्रात २४० रेषा. पाल टीव्हीच्या दिसणाऱ्या रेषा त्याहून बऱ्याच जास्त असल्याने वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात आणि चित्र बसकं होतं. चित्राचा एक ठिपका जपानी टीव्हीवर उंचीपेक्षा सुमारे १४ टक्के रुंद दिसतो, आपल्याकडे जवळजवळ ३९ टक्के. परिणामी बाईकची चाकं आडवी, लंबगोल होतात आणि स्वार ठेंगणा, दणकट दिसतो. ही विकृती आहे यात वाद नाही. पण लांबट झालेल्या चाकांमुळे उताराशी त्यांचा कोन जास्त ठळक कळतो, आणि ठेंगणा स्वार जमिनीला चिकटून जातो तेव्हा वेगाला वजन येतं. चित्रकाराने हे योजलं नव्हतं. तरी त्याचं रेखाटन इतकं पक्कं आहे की ताणूनही स्वाराची ढब हरवत नाही.

हातातल्या रिमोटनेही पाठात भर घातली. मूळ पॅडवर कृतीची बटणं दोनच होती. आपल्या रिमोटवर त्यांच्या डोक्यावर आणखी दोन 'टर्बो' बटणं असत, जी नुसती धरून ठेवली तरी झपाट्याने दाबल्यासारखी चालतात. पडलेल्या स्वाराला बाईकपर्यंत पळवायची जी मेहनत मियामोतोंनी अंगठ्याला दिली होती, ती या बटणाने माफ केली. इथे मात्र मी मूळ संहितेच्या बाजूने आहे. त्या धडपडीतच पडण्याची चव आहे, आणि जाणते खेळाडू 'टर्बो'ला हात न लावता पळत.

नकलकारांनी टाइटलवरून निन्टेन्डोचं नाव आणि साल बहुधा पुसलेलं असे. कर्त्याचं नाव गेलं, पण 'डिझाइन'मधले 'सेव्ह' आणि 'लोड' तसेच राहिले. अमेरिकेत निदान पुस्तिकेत खुलासा होता, आपल्याकडे पुस्तिकाच नव्हती. जपानात टेपवर उतरणारा ट्रॅक इथे वीज असेपर्यंतच टिके, आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसे. तरी मुलं ट्रॅक बांधत. चढापुढे चढ, त्यापुढे आणखी चढ, जमिनीला चाक लागूच नये असे ट्रॅक. ठेवता येत नाही म्हणून बांधण्याचा उत्साह उणावला नाही, आणि रचनेची ही गोडी लावणं हे त्या 'डिझाइन'चं मोठंच यश आहे.

कोणता पाठ श्रेष्ठ? वेग, चित्राची प्रमाणबद्धता आणि रचलेला ट्रॅक जपण्याची सोय हे सगळं एकत्र पाहिलं तर जपानी, यात मला शंका नाही. अमेरिकी पाठ त्याच्या मुक्या मेनूसाठी जपावा. पण उडी समजून घ्यायची असेल तर आपला पाठ पहिला. तो कुणी प्रकाशित केला नाही, त्याला आवृत्तीक्रमांक नाही, आणि तो घडला तो विजेची आवर्तनं, टीव्हीच्या रेषा आणि तैवानच्या अभियंत्यांची हुशारी यांच्या संगमावर. खेळांचे जाणकार आज या पाठाला 'डेंडी' म्हणतात, कारण याच धाटणीचं यंत्र १९९२ पासून रशियात त्या नावाने विकलं गेलं आणि तिथल्या हौशी मंडळींनी त्याची नोंद चोख ठेवली. 'मेसेन'सारख्या एम्युलेटरमध्ये एनटीएससी (म्हणजे जपान-अमेरिकेची ६० ची पद्धत) आणि पाल यांच्या जोडीला हा तिसरा पर्यायही दिलेला असतो. पहिला ट्रॅक घ्यावा, एकदा एनटीएससी लावून पळावा, मग तोच ट्रॅक डेंडीवर. पहिल्याच मोठ्या चढावर फरक अंगठ्याला कळेल.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुनं यंत्र पडून आहे त्यांनी ते भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहावं. आतल्या चिपवरचा क्रमांक, कॅसेटमधल्या खेळांची यादी, टाइटलवर काय पुसलं आणि काय राहिलं, एवढं लिहून ठेवलं तरी पुरे. काही यंत्रांत सुट्या चिप्सऐवजी काळ्या डिंकाचा एकच ठिपका सापडेल; तोही नोंदवावा. रशियाच्या पाठाला संपादक मिळाले. आपल्या पाठाच्या पोथ्या अजून घराघरांत आहेत आणि त्यांच्यावर खेळलेली माणसं ऐन उमेदीत आहेत, तेव्हा हे काम आत्ताच करण्यासारखं आहे.